बेचक्याची उंची

गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि हळूहळू घरातही तेच नाव पडलं. ती कॅज्युअल्टीत नर्स होती. नवऱ्याचं तळमजल्यावर काचेचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला काही ठरवून सांगायची वेळ आली की तो म्हणायचा, "आमच्या सिस्टरना विचारून सांगतो." सासरे, म्हणजे अण्णा, ती ड्यूटीवरून येऊन जिना चढू लागली की वरूनच हाक मारत, "सिस्टर, पेशंट चहासाठी खोळंबलाय." घरात तिघंच. मूल नव्हतं, आणि त्याबद्दल बोलणं कधीच संपून गेलं होतं.

अण्णांनी उभी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. सासूबाई गेल्या त्यानंतर ते कित्येक महिने खिडकीत नुसते बसून असायचे. मग एक दिवस मागच्या अंगणात कुंड्या आल्या, माती आली, आणि माणूस पुन्हा माणसात आला. झाडांशीही ते बसमधल्यासारखंच बोलायचे. "पुढं सरका, पुढं जागा आहे. दाराशी कोण गर्दी करतंय?" ऐकून सिस्टरला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं.

त्या वर्षी अण्णांनी कुठून तरी एक वाळलेली शेंग आणली. बोटभर लांब, गुळगुळीत, आत बुचासारख्या हलक्या बिया. झाडाचं खरं नाव ब्रुगमान्शिया, पण ते उच्चारताना अण्णांची कवळी हलायची, म्हणून सगळ्यांनी त्याला कर्णा म्हणायचं ठरवलं. फुलं तशीच असतात म्हणे, लाउडस्पीकरच्या कर्ण्यासारखी लांब, खाली तोंड करून लोंबणारी. सिस्टरने एवढंच सांगितलं की हे धोतऱ्याच्या जातीचं दिसतंय, तोंडात काही घालू नका, हात धुवत चला. धोतरा खाल्लेली माणसं तिने पाहिली होती. डोळ्यांच्या बाहुल्या बशीएवढ्या, तोंड कोरडंठाक, हवेतले न दिसणारे धागे वेचत बसलेली.

रोपं झाली. त्यातलं सगळ्यात तगडं अण्णांनी स्वतःसाठी ठेवलं आणि अर्धा कापलेल्या लोखंडी पिंपात लावलं. बाकीची गल्लीत वाटली. एक बेकरीवाल्या दोघा भावांना, एक शिवणकाम करणाऱ्या बाईंना, एक पोस्टमनला. देताना प्रत्येकाला तेच सांगितलं, आणि सिस्टरने ते इतक्यांदा ऐकलं की तिलाही पाठ झालं. हे झाड आधी एकाच खोडाने सरळ वर जातं. खत घाला, पाणी घाला, आरती ओवाळा, फूल येणार नाही. मग कधीतरी शेंड्याला बेचकं फुटतं, गलोलीला असतं तसं. एकाचे दोन होतात. त्या बेचक्याच्या वरच फुलं येतात, खाली कधीच नाही. ते कुठल्या उंचीवर फुटेल ते मात्र झाडाचं झाडालाच ठाऊक.

सगळ्यात आधी बेकरीवाल्यांचं झाड फुललं. पण सिस्टरला त्याचा पत्ता नंतर लागला.

दुपारची पाळी होती. थोरला भाऊ धाकट्याला पाठुंगळी घेऊन कॅज्युअल्टीत शिरला. अंगावर पीठ होतं, आणि त्या पिठात मागे रक्त झिरपून त्याचा लगदा झाला होता. धाकट्याला टेबलावर घेऊन सिस्टरने पँट कापली. गुडघ्याची वाटी जागेवर नव्हती. हाताला पिशवीत फुटलेल्या बश्या लागाव्यात तसं लागत होतं, आणि कातडीतून एक पांढरी कड बाहेर आली होती. यंत्रात सापडला का, असं तिने विचारलं.

थोरला म्हणाला, "नाही. मी मारलं. भट्टीच्या दांड्यानं."

"किती वेळा?"

"तो खाली बसेपर्यंत."

हे त्याने असं सांगितलं, जसं कुणी पावाला किती वेळ लागतो ते सांगावं. आवाज चढलेला नव्हता, दारूचा वास नव्हता. भावाचा हात त्याने हातात धरला होता आणि अंगठ्याने तो कुरवाळत होता. हे दोघे आईबापांविना एकमेकांच्या आधाराने वाढलेले, एका ताटात जेवणारे. भांडण झालं होतं का, राग आला होता का, तिने खोदून खोदून विचारलं. प्रत्येक वेळी त्याने नाही म्हणून मान हलवली, आणि तिला काय हवंय हेच त्याला कळत नसल्यासारखा बघत राहिला.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला सगळे छोटे डॉक्टर म्हणत. त्यांनी थोरल्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बघितली, रक्त-लघवी तपासायला पाठवली. सगळं स्वच्छ आलं. पोलीस आले, तेव्हा धाकट्याने दादाची तक्रार द्यायला साफ नकार दिला. शुद्ध हरपण्याआधी तो एवढंच म्हणाला की भट्टी पेटती आहे, कुणीतरी जाऊन बघा.

ते काम सिस्टरच्याच वाट्याला आलं, कारण बेकरी तिच्या वाटेवर होती. पायरीवर, कुंडीत, कर्णा फुलला होता. झाड बुटकंच राहिलं होतं. बेचकं फारच खाली फुटलं होतं आणि त्याच्या दोन फांद्यांवरून पांढरे लांब कर्णे जमिनीला टेकत होते. ती कडी लावायला वळली तेव्हा बेचकं तिच्या गुडघ्याला घासलं. वास गोड होता, लिंबाच्या सालीसारखा, आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी. घरी आल्यावर अण्णांना धाकट्याचं ऐकून फार वाईट वाटलं. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं, ते म्हणाले की माझ्या आधी त्यांचंच फुललं म्हणायचं.

शिवणकाम करणाऱ्या बाई आणि त्यांची मुलगी समोरच्या इमारतीत राहत. मुलगी बालवाडीत शिकवायची. बाईंनी तिच्यासाठी नवा ड्रेस बेतायला घेतला होता. कमरेचं माप घेताना त्यांनी फीत खाली ठेवली आणि कापड कापायची मोठी कात्री मुलीच्या कुशीत घातली, कमरेच्या हाडाच्या जरा वर. मग पाती उघडली. छोट्या डॉक्टरांनी आतली अवस्था बघितली आणि हे त्यांना कळलं. कात्री आत गेल्यावर उघडली गेली होती. मुलगी वाचली, पण एक मूत्रपिंड काढावं लागलं आणि ऑपरेशन थिएटरातल्या लादीवर इतकं रक्त सांडलं होतं की सिस्टरच्या चपला दर पावलाला चिकटत होत्या.

बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. कात्री त्यांनी पुसून पिशवीत ठेवली होती, गंजू नये म्हणून. सिस्टर त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, का? बाई बराच वेळ खरंच विचार करत होत्या. आठवत नाही असं नव्हतं. सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं.

"ती तिथं उभी होती," शेवटी त्या म्हणाल्या.

मुलीचे कपडे आणायला सिस्टर किल्ली घेऊन त्यांच्या घरी गेली. खोलीत अर्धवट बेतलेलं कापड पसरलं होतं. त्याच्यावरचा डाग वाळून काळा झाला होता. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि तिथे कर्णा फुललेला होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बेचकं तिच्या कमरेला लागलं. तिने साडीवरून बोटाने चाचपलं. कमरेच्या हाडाच्या जरा वर.

तेव्हा तिला गुडघा आठवला.

तिने स्वतःलाच झापलं. दोन गोष्टी एका रांगेत आल्या की त्यांचं नातं जुळवायची माणसाला खोडच असते. कॅज्युअल्टीत पौर्णिमेला गर्दी वाढते असं म्हणणाऱ्या आयांना ती स्वतःच हसायची. पण घरी आल्यावर ती सरळ मागच्या अंगणात गेली. अण्णांच्या झाडाला अजून बेचकं नव्हतं. ते उसासारखं सरळ वर चाललं होतं. शेंडा तिच्या छातीला येत होता.

तिने हे नवऱ्याला सांगितलं. नवरा शांत माणूस. हिरकणीने काचेवर रेघ ओढावी, टिचकी मारावी आणि काच जिथल्या तिथे दुभंगावी, तसं त्याचं बोलणं मोजकं आणि सरळ. तो म्हणाला, योगायोग आहे. पण दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं की दुकानातल्या काचेच्या लांब पट्ट्या, कोपऱ्यात नेहमी उघड्या पडलेल्या, त्याने पेटीत घालून कुलूप लावलं होतं. 

अशा गोष्टी गल्लीत लपत नाहीत. तिचं बोलणं अण्णांच्या कानावर गेलं असावं, आणि त्यांनीच गंमत म्हणून पोस्टमनला सांगितलं असावं. पोस्टमन हुशार गडी. त्याने सरळ हिशेब केला की फुलण्यात वाईट असेल तर फुलूच द्यायचं नाही. आणि कात्री घेऊन त्याने आपल्या कर्ण्याचा शेंडा छाटून टाकला. आठवडाभरात छाटलेल्या जागेच्या खालून दोन कोंब निघाले, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्याने जिथे कापलं होतं, तिथेच बेचकं झालं. त्याच्या छातीइतक्या उंचीवर.

त्याच्या बायकोने आळं करायची टोकदार पहार घेतली होती. त्याला स्ट्रेचरवरून आत आणलं तेव्हा श्वास छातीतल्या भोकातूनच आत-बाहेर होत होता. प्रत्येक श्वासाला तिथे लाल फेस यायचा, फुगा धरायचा आणि फुटायचा. सिस्टरने तळहाताने भोक दाबून धरलं. बोटांखाली तुटलेली फासळी आत-बाहेर हलत होती. तो तिला ओळखत होता. तो काही सांगायला बघत होता, पण त्याच्या तोंडातून शब्दाऐवजी रक्त आलं, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि ते गरम असतानाच तो गेला. छोटे डॉक्टर तरीही छाती दाबत राहिले. शेवटी तिनेच त्यांचे हात धरून थांबवले.

बाहेर त्याची बायको उभी होती. तिने विचारलं, मला घरी जाता येईल का, कपडे वाळत टाकलेत, आभाळ आलंय.

सिस्टर त्या संध्याकाळी घरी आली ती थेट अंगणात. नवऱ्याला बोलावलं आणि म्हणाली, हे आत्ताच्या आत्ता उपटा. त्याने वाद घातला नाही. पिंप सरकवायला पहार लावली. पिंप हललं नाही. बुडाचा पत्रा गंजून गेला होता आणि मुळं खाली फरशीच्या सांध्यांत शिरली होती. त्याने अंगाचा जोर लावला. अख्खं झाड झोकांडलं, खोड मध्येच करकरलं, आणि सिस्टरने त्याचा हात गच्च धरला.

"थांबा. मोडेल."

"मोडू दे की. मोडायचंच आहे ना?"

"कुठं मोडतंय ते बघा."

खोड वाकलं होतं ती जागा तिच्या छातीसमोर होती. पोस्टमनचा छाटलेला शेंडा दोघांच्याही डोळ्यांसमोर आला असणार. नवऱ्याने पहार हळूच खाली ठेवली.

तेवढ्यात अण्णा आले. झालेला प्रकार त्यांनी बघितला. झाडाजवळ गेले, हलकेच खोडाला हात लावला, पिंपाभोवती उकरली गेलेली माती परत थापली.  मग सुनेकडे बघून म्हणाले, "पोरी, माझं आता एवढंच आहे." जन्मभर लोकांना पुढं सरका म्हणणारा माणूस तो, पण त्या दिवशी तो पिंपासमोरून हलला नाही.

त्यानंतर सिस्टरने शांतपणे विचार केला. छाटायचं नाही, मोडायचं नाही. मग उरतं एकच. बेचकं माणसाच्या अंगावर जिथे लागतं तिथे घाव बसतो ना, मग ते माणसाच्या डोक्यावरून जाऊ दे. ती घरात सगळ्यात बुटकी. अण्णा वयाने वाकलेले, तिच्यापेक्षा थोडेच उंच. नवरा मात्र ताडमाड. तिघांच्याही वर गेलं की सुटलो.

आणि ती झाडाची सेवा करू लागली. खत आणलं, माती भुसभुशीत केली, काठी लावून खोड सरळ ठेवलं. अण्णांना वाटलं सुनेचं मन वळलं, आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी ती झाडाला पाठ टेकून उभी राहायची आणि डोक्यावर सपाट हात ठेवून शेंडा कुठे आला ते बघायची. हनुवटीला आला. नाकाला आला. त्या दिवसांत तिला नीट झोप लागली नाही. मग एका सकाळी शेंडा तिच्या केसांच्या वर गेला आणि कामावर जाताना तिला रस्ता नवा वाटला. काही दिवसांनी अण्णांच्याही वर गेला.

आता नवराच उरला होता.

तो रोज झाडाजवळून जाताना थांबायचा. खांदा गेला. गळपट्टीचं हाड गेलं. आणि मग झाड थांबलं. शेंडा चपटा झाला, त्याच्यावर एक बारीक गाठ आली, आणि गाठीतून दोन कोवळ्या मुठी वेगवेगळ्या दिशांना वळल्या. नवरा झाडाशेजारी उभा राहिला. त्याने मान वर करून हात गळ्यावर ठेवला, कंठमण्याच्या बरोबर खाली. मग तो आत गेला आणि न सांगताच त्याने बॅग भरायला घेतली.

त्याच्या बहिणीच्या नव्या घराच्या खिडक्यांना काचा बसवायच्या होत्या. हे काम तो किती दिवस पुढे ढकलत होता. आता ते निमित्त झालं. तिने सांगितलं, फुलं येऊन झडून जाईपर्यंत येऊ नका. अण्णांनाही घेऊन जा म्हणाली, पण अण्णा हटले नाहीत. झाडाला पहिल्यांदा फुलं येणार आणि मी लेकीकडे जाऊन बसू? मग राहू दे, तिने ठरवलं. बेचकं त्या दोघांच्याही डोक्यावर होतं. आता ते कुणाला लागणार नव्हतं.

नवरा रोज फोन करायचा. येऊ का, विचारायचा. ती नको म्हणायची.

फांद्या लांबल्या, कळ्या धरल्या, कळ्यांच्या हिरव्या मुठी लांबत लांबत खाली आल्या. एका दुपारी कर्णे उलगडले. आधी पांढरे, मग दिवसागणिक पिवळसर, शेवटी पिकल्या जखमेच्या कडेसारखे गुलाबी. संध्याकाळ झाली की वास जिन्याने वर यायचा, उशीच्या अभ्र्यात शिरायचा. सिस्टर पहिले काही दिवस सावध होती. सुऱ्या तिने ट्रंकेत टाकल्या होत्या. अण्णांच्या चेहऱ्यावर तिचं बारीक लक्ष असायचं, त्यांच्या हातात काय आहे यावर तर जास्तच. अण्णा नेहमीसारखेच होते. वर्तमानपत्र वाचायचे, चहात साखर जास्त झाली म्हणायचे. काहीच घडलं नाही. एक एक फूल झडायला लागलं. तिला भूक लागू लागली. फोनवर नवऱ्याशी बोलताना ती एकदा मोठ्याने हसली, आणि इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून तोही पलीकडे हसला.

तिची सुट्टी होती. ऊन कलायला अजून वेळ होता. वारा सुटला होता आणि फुलांच्या ओझ्याने एक फांदी लवत होती. अण्णांनी तिला हाक मारली. फांदीला टेकू द्यायला हवा, म्हणाले, नाहीतर बेचक्यात चिरेल. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. त्यांनी चढू नये असं तिला वाटलं, तसं ती बोललीही, पण तिला गाठी मारता येत नाहीत हा त्यांचा जुना आरोप होता. ते चढले. तिने एका हाताने स्टूल धरलं, दुसऱ्या हातात टेकूची काठी. मातीत रोवायची म्हणून अण्णांनी सकाळीच तिला फरशीवर घासून टोक काढलं होतं.

अण्णा सुतळी सोडवत होते. "पुढं सरका," ते फांदीला म्हणाले, "दोघांना पुरेल एवढी जागा आहे."

तिने वर बघितलं.

बेचकं तिच्या डोक्याच्या वर होतं. त्याच्या दोन फांद्यांच्या मधून पलीकडे अण्णांचा सदरा दिसत होता. स्टुलावर उभे असल्यामुळे पोट तिथे आलं होतं. सदऱ्याचं एक बटण बरोबर त्या फटीत बसलं होतं, जसं मापून लावावं तसं.

तिला भीती वाटली नाही. नंतर तिने हे पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. राग आला नाही. कानात आवाज नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. हात धुतले की पुसावेत, इतकं ते साधं होतं. ते तिथं उभे होते.

तिने स्टूल सोडलं आणि काठी दोन्ही हातांनी धरली.

कातडी आधी ताणली गेली आणि मग सुटली. मग मऊ. मग स्नायू, तिथे जोर लागला. तिला सगळे थर माहीत होते. एका जागी काठी अडली तेव्हा तिने मनगट फिरवलं आणि पाय रोवले.

अण्णा म्हणाले, "अगं."

एवढंच. कुणी चुकून पायावर पाय दिल्यावर म्हणावं तसं.

ती ढकलत राहिली. काठी आत बसली आणि हलायची थांबली, तेव्हा ती थांबली.

स्टूल कलंडलं. अण्णा तिच्या अंगावर आले. कर्णे तुटून दोघांभोवती पडले. गरम ओल तिच्या पोटावरून मांड्यांवर उतरली.

मग तिच्या हातांनी आपलं काम सुरू केलं. काठी उपसायची नाही हे त्यांना ठाऊक होतं. तिने साडीचा पदर काठीभोवती आवळला, अण्णांचे गुडघे दुमडले, रक्त कुठून येतंय ते बोटांनी शोधून तिथे दाबलं, आणि शेजाऱ्यांना हाक मारून अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. आवाज चढला नाही. छोटे डॉक्टर नंतर म्हणाले, तुम्ही तिथं होता म्हणून ते वाचले.

ती म्हणाली, "मी मारलं."

छोट्या डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग जखमेकडे. काठी समोरून, खालून वर गेली होती. पडलेल्या माणसाला अशी लागत नाही, हे दोघांनाही कळत होतं. पण अण्णा शुद्धीवर आले आणि त्यांनी पोलिसांसमोर स्वच्छ सांगितलं की मी स्टुलावरून पडलो, काठीवर. सून स्टूल धरून उभी होती. बिचारीला धक्का बसलाय, ती काहीही बोलेल. पोलिसाने पुन्हा विचारलं. अण्णांनी पुन्हा तेच सांगितलं, तिकीट नसलेल्या एखाद्या म्हातारीला खाली न उतरवता पुढच्या स्टॉपपर्यंत नेताना बोलायचे, त्याच आवाजात.

नवरा पहिल्या गाडीने परतला. हॉस्पिटलातून घरी गेला, पिंपाला पहार घातली आणि या वेळी खोड कुठेही मोडो, थांबला नाही. फरशी उखडून मुळं काढली आणि सगळं गल्लीच्या टोकाला नेऊन जाळलं. रात्री तिने त्यालाही सांगितलं. त्याने हातावरची राख धुतली. मग म्हणाला, "अण्णा म्हणतात पडले. तर मग पडलेच." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. फक्त झोपताना तो आता भिंतीकडे पाठ करून झोपतो.

अण्णा घरी आहेत. ड्रेसिंग तीच बदलते, जेवणही तीच भरवते, कारण सरळ बसलं की त्यांना कळ येते. ती वाट बघतेय. ताप चढायची वाट बघावी तशी ती पश्चात्तापाची वाट बघते, रडू येण्याची, हात थरथरण्याची. परक्या माणसांसाठी ती जिन्याखाली लपून रडलेली बाई आहे. अजून काही आलेलं नाही.

अण्णा तिच्याशी पूर्वीसारखंच बोलतात, मस्करी करतात. पण ती ताट घेऊन दारात आली की त्यांचा डावा हात चादरीवरून सरकतो आणि पोटावर येऊन बसतो. त्यांना स्वतःला ते कळत नाही. बोलणं चालूच असतं, नजर तिच्यावर असते, प्रेमळ असते. हात मात्र जखम झाकायला बघत असतो, ताट रिकामं होईपर्यंत.

ती त्यांना घास भरवते. आणि रोज तिच्या लक्षात येतं की हात जखमेपासून बोटभर खाली पडतोय. त्याच्या वरची जागा उघडीच राहते, काठीच्या टोकाएवढी.